वाट ग्राहकाने करून द्यावी

एका बाजूने निळा, गुळगुळीत, आत्ताच विसळून ठेवलेल्या बशीसारखा... आणि उलटा केला की पिवळट, खरखरीत, वाळल्या गवताच्या काड्या गोंदात बुडवून चिकटवाव्यात तसा. तळहाताएवढा तुकडा. तलाववाल्याने काल जाताना टेबलावर ठेवला होता, रंग बघून घ्या मावशी, पण मागच्या बाजूला हात लावू नका, तंतू बोटात जातात, असं बजावून. आणि तो फाटकाबाहेर पडायच्या आत तिने मागच्या बाजूलाच हात लावला होता. आता सकाळच्या उजेडात मधल्या बोटाच्या टोकाला काहीतरी टोचत होतं. चष्मा वर सरकवून बोट डोळ्याशी नेलं, खिडकीकडे तिरकं धरलं. नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना चष्मे करून दिले आणि स्वतःच्या बोटातलं कुसळ काही दिसेना.

तुकड्याखाली खर्चाचा कागद होता. तो तिला पाठ झाला होता. अंगणात बसवायचा फायबरचा तलाव म्हणजे एक मोठा थोरला टबच, कारखान्यात साच्यावर तयार होऊन येणारा, आणि तिला वाटलं होतं, मोठा आकडा त्या टबाचाच असेल. तर टब निम्म्याहूनही कमी. बाकी सगळा खर्च त्याला जमिनीत नीट बसवण्याचा... खड्डा, निघालेली माती उचलून नेणं, तळाची खडी, क्रेनचं तासावर भाडं, पंप, गाळणी, पाणी कोमट ठेवायचं यंत्र, कडेचं काँक्रीट, वीजवाला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, मुलगा फोनवर म्हणाला होता, पण हसत म्हणाला होता, आणि निम्मे पैसे त्याने कधीच वेगळे काढून ठेवले होते. बाकीचे निम्मे तिचे. ठेव मोडायची होती, मोडली तरी चालणार होती, कोणासाठी ठेवायची होती आता? तर पैशाचं काही नव्हतं. कागदाच्या तळाशी, वीजवाल्याच्या खाली, एक ओळ होती जिच्यासमोर आकडाच नव्हता, नुसती रेघ: वाट ग्राहकाने करून द्यावी.

म्हणजे काय, तिने विचारलं होतं.

म्हणजे टब येणार अख्खा. त्याला घडी नाही, सांधा नाही. दोन तुकडे करून आणा की, ती म्हणाली, तर तो मनापासून हसला होता. “मावशी, होडी कधी दोन तुकड्यांत आणतात का?” पुढच्या रस्त्यावरून विजेच्या तारा गेलेल्या, शिवाय मध्ये दोन मजल्यांचं घर, त्यावरून उचलून मागच्या अंगणात उतरवायला जी क्रेन लागेल ती ह्या गल्लीत वळणार नाही. राहिली मागची बोळ. बोळ लागते ती शेजारच्या अंगणाला. तिथून टब आत घ्यायचा, आडवा सरकवायचा, आणि मधल्या भिंतीतून... तलाववाल्याने हात दोन्हीकडे पसरून दाखवले होते, तेवढे पुरेनात म्हणून दोन पावलं डावीकडे सरकून पुन्हा पसरले होते. एवढी भिंत पाडायची. नंतर बांधून देऊ, त्याचं काही नाही. शेजारी कोण आहे?

जाऊ आहे माझी, ती म्हणाली होती.

मग तर घरचंच झालं, असं म्हणून त्याने टोपणाने पेन बंद केलं होतं.

घरचंच... भिंतीच्या ह्या बाजूला गिलाव्याला कधी रंग लावला नव्हता. भावाभावांनी दुकान वाटून घेतलं त्या वर्षी भिंत आली. निम्मा खर्च ह्यांचा, निम्मा भाऊजींचा. गवंडी सकाळी ह्या अंगणात चहा पीत आणि दुपारी त्या. चष्म्याचं दुकान एक होतं तेव्हा मागच्या खोलीत एक टेबल होतं आणि टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही दोघी जावा. मी भिंगाचं केंद्र काढून त्यावर शाईचे ठिपके द्यायची, धाकटी ते भिंग चाकावर धरून कडा घासायची, वर टांगलेल्या डब्यातून चाकावर पाणी टपटपत असायचं, आणि आमचं तोंड दिवसभर बंद म्हणून नसायचं. कोणाचं नाक कसं, कोणाच्या बायकोने कोणती फ्रेम कोणाला दाखवायला घेतली... हात कामात आणि डोळे भिंगावर, त्यामुळे काहीही बोलता यायचं. समोरासमोर बसून एकमेकींकडे कधी बघितलंच नाही, हेही आता लक्षात येतं. मग वाटणी झाली. वाटणी किमतीने झाली, उपयोगाने नाही. चाक त्या बाजूला गेलं, केंद्र काढायचं यंत्र ह्या बाजूला राहिलं. दोन्हीकडच्या मंडळींनी पुढे दुसरं यंत्र, दुसरं चाक विकत घेतलं, माणसंही पगारी ठेवली. आम्हां दोघींना कोणी काही विचारलं नाही. भांडण आमचं नव्हतं. पण नवऱ्याने ज्या घरी जायचं सोडलं तिथे बायकोने कसं जायचं?

आणि मग दोघेही गेले. आधी हे, मग भाऊजी. भिंत राहिली.

फोन वाजला. मुलगा. कामावर निघताना रोज करतो, जिना उतरताना, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य एकेका पायरीवर आपटत येतं.

“काकूशी बोललीस?”

नाही, ती म्हणाली. पाय दुखतात सकाळी.

“म्हणूनच तर तलाव घेतोय ना, आई.” मग, दार लोटल्याचा आवाज झाल्यावर, “मी बोलू का? काकू काही खाणार नाही तुला.”

तू नको, ती म्हणाली. आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन, ओट्याला धरून, तिने उगीचच नळ सोडला आणि बंद केला.

पाय... पाय म्हणजे गुडघे. त्यांच्यासाठीच हे सगळं. दवाखान्याच्या तळघरात कोमट पाण्याचा हौद होता, तिथे व्यायाम करून घेणारी ती तरतरीत मुलगी, माझ्या नातीच्या वयाची, मला हाताला धरून उतारावरून आत नेत असे. पहिल्या दिवशी तिने समजावलं होतं, आजी, कमरेपर्यंत पाण्यात उभ्या राहिलात की तुमचं वजन निम्मं. छातीपर्यंत गेलात की पाव. आणि गळ्यापर्यंत गेलात तर जेमतेम दहावा हिस्सा उरतो. मला वाटलं, ही आपली हुरूप यावा म्हणून सांगते आहे. पण मी गळ्यापर्यंत गेले, आणि एक पाऊल टाकलं, आणि दुखलं नाही. दुसरं टाकलं. इतक्या वर्षांत चालणं म्हणजे दर पावलागणिक गुडघ्याला विचारून घेणं झालं होतं, पुढे येतोस का बाबा, आणि आता कोणाला विचारायचं नव्हतं. गळ्याच्या खाली मी नव्हतेच. नुसतं डोकं आणि वर पिवळट छत आणि पाइपांवरून ओघळणारी वाफ. मी रडले असेन, पाण्यात कळत नाही. मग तो हौद बंद झाला, ती मुलगी दुसरीकडे गेली. मोठ्या तलावावर जाऊन पाहिलं तर उभी शिडी आणि गार पाणी आणि उड्या मारणारी पोरं. शिडीच्या वरच्या कठड्याला धरून जरा वेळ उभी राहिले आणि तशीच घरी परतले. त्या रात्री मुलगा आलेला होता, त्याला म्हणाले, मला पाणी हवंय. आयुष्यात त्याच्याकडे काही मागितलेलं तेवढंच. तो आधी पेला आणायला उठला होता.

दुपारपर्यंत ती वाक्य जुळवत होती. अंगणातल्या खुर्चीत बसून, भिंतीकडे तोंड करून, मनातल्या मनात... मनातल्या मनातच, कारण भिंतीला कान होते. ही काही म्हण म्हणून नाही. पलीकडे धाकटी ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवते ते हिला ऐकू यायचं. तिच्या नळाची तोटी गळते ते, सकाळी पेपर वाचता वाचता मधूनच एखादी ओळ मोठ्याने म्हणते ते. आणि जे इकडे ऐकू येतं ते तिकडेही जाणारच. त्या हिशेबाने ती इतकी वर्षं राहिली होती. चांगल्या बातम्या अंगणात आणि वाईट घरात. मुलाला नोकरी लागली तेव्हा बहिणीचा फोन होता, तर वायर ताणून ती दारापर्यंत आली होती आणि पगाराचा आकडा उंबऱ्यावर उभी राहून दोनदा सांगितला होता. नात झाली तेव्हाही. हे आजारी होते त्या दिवसांत मात्र नळ मोठा सोडून ठेवायची, आपला आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून. आणि कधी कधी, हे कोणाला सांगण्यासारखं नाही, काही कारण नसताना ती अंगणात हसायची. मोठ्याने. इकडे सगळं कसं छान चाललं आहे म्हणून.

लग्नकार्यात भेट व्हायची. बरं आहे ना? बरं आहे. अबोला नव्हता, म्हणजे कोणी विचारलं तर नव्हता म्हणता आलं असतं.

चार वाजता केस नीट करून, काठी घेऊन ती निघाली. भिंतीपलीकडच्या घरी जायला रस्त्याने सगळं वळण घालून जावं लागत होतं. औषधांचं दुकान, चांभार, बंद पडलेली छपाईची खोली... प्रत्येक ठिकाणी थांबून ती वाक्याला पुन्हा मागून धक्का देत होती. अगं, एक विचारायचं होतं, तुला अडचण होणार असेल तर राहू दे. नाही. अगं, तुझ्या फरशीचं नुकसान आम्ही भरून देऊ. हे आधीच म्हटलं तर ती म्हणेल, पैशांनी बोलायला आलात. अगं, काय आहे की माझे गुडघे... छे, हे तर अजिबातच नको. गुडघे तिला दाखवायचे नाहीत. पण काठी तर हातात होती.

दार उघडं होतं. धाकटी खिडकीशी पाठमोरी बसून कपबशा पुसत होती.

“अगं,” ती दारातून म्हणाली.

धाकटीने कप उलटा करून फडक्यावर ठेवला.

अगं, ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने. वळूनही बघत नाही. इतकं? एवढी वळणं घालून, नाक मुठीत धरून आपण दारात यावं, आणि हिने कप पुसत राहावं? परत फिरायचं तर त्यासाठीही काठी आधी वळवावी लागत होती. ती वळवताना खट्ट झालं नाही तरी खिडकीच्या काचेत सावली हलली असेल. धाकटी दचकून मागे वळली. तोंडभर, अगदी पोरीसारखी हसली, आणि एक बोट वर केलं. थांबा. टेबलावर आपल्याच दुकानातली जुनी चष्म्याची डबी होती, ती उघडून तिने आतून बोराच्या बीएवढं काहीतरी काढलं आणि कानामागे अडकवलं. बारीक शिट्टी वाजली. मग थांबली.

“हं,” धाकटी म्हणाली. “आता बोला, ताई.”

जुळवलेल्या वाक्यातला एकही शब्द तोंडात नव्हता. डबीकडे बघत तिने विचारलं, “हे कधीपासून?”

“झाली की बरीच वर्षं. दादा गेले त्याच्या आधीपासून. चाकाचा आवाज, डॉक्टर म्हणाले.” धाकटी खुर्ची पुढे करत होती, उशी झटकत होती. “बाहेर जाताना घालते. घरात कोणासाठी घालू? पेपर वाचायला काही कान लागत नाहीत.”

दादा म्हणजे हे. म्हणजे नात झाली ते नाही. नळ सोडायचा ते नाही. मुलाचा पगार तेवढा कदाचित... कदाचित तोही नाही. ती खुर्चीत बसली. रिकाम्या नाटकगृहात वर्षानुवर्षं...

मग तिने विचारलं ते असं, कसलीही आडपडद्याची भाषा न करता, हिशेब सांगितल्यासारखं: तलाव घेते आहे, टब अख्खा येतो, तुझ्या अंगणातून आणावा लागेल, मधली भिंत थोडी पाडावी लागेल.

“पाडा की,” धाकटी म्हणाली.

विचार कर जरा, ती म्हणाली. तुझ्या फरशा उखडतील. ते झुडूप...

“झुडूप कसलं, काटे आहेत नुसते. मला वाटलं, काय मागायला आलात. त्या मानाने भिंत म्हणजे काय!” आणि मग, चहाचं आधण ठेवायला आत जाता जाता, पाठमोरीच, “मी मागेच पाडली असती. पण म्हटलं, तुम्हाला ती हवी आहे.”

चहा झाला. गप्पा म्हणाव्यात अशा काही झाल्या नाहीत; धाकटी तलावाचं विचारत राहिली आणि ती सांगत राहिली. बाहेरून खडी भरत जायची आणि त्याच वेळी आतून पाणी, दोन्ही बरोबरीने चढवायचं, नाहीतर टबाची कूस आत तरी येते किंवा बाहेर तरी फुगते. आणि एकदा भरला की तो कधी रिकामा ठेवायचा नाही, कारण खालून जमिनीतलं पाणी त्याला वर उचलून टाकतं. खरंच? धाकटी म्हणाली, एवढ्या मोठ्याला? खरंच, ती म्हणाली, आणि आपण तलाववाल्याच्याच सुरात बोलतो आहोत हे लक्षात येऊन तिने कप तोंडाला लावला.

निघताना दारात धाकटीने कोपराला धरलं. धरलं म्हणजे नुसता हात टेकवला.

“पाणी कोमट असतं म्हणता ना? मला एखाद दिवशी उतरू द्याल? मी कधी पाण्यात उतरलेच नाही, ताई. नळाखाली आयुष्य गेलं. कान काढून ठेवावे लागतील, म्हणजे तुम्हाला बोलायचाही त्रास नाही.”

“बघू,” ती म्हणाली.

बघू. परतताना चांभाराच्या दुकानाशी तो शब्द तिला ऐकू आला. लहान मुलांना नाही म्हणवत नाही तेव्हा आपण म्हणतो तो. मुलं फसत नाहीत, धाकटी कुठून फसेल? फुकट दिली तिने भिंत. दोन शब्दांत, विचारही न करता. अख्ख्या कागदावरचा सगळ्यात महाग आकडा तो होता, म्हणून तर लिहिला नव्हता, आणि तो असा... काहीच नाही लागलं. तिला आनंद व्हायला हवा होता. पण एखाद्या दुकानात आयुष्यभर ज्या वस्तूकडे न परवडणारी म्हणून बघितलं नाही, तिची किंमत विचारावी आणि दुकानदाराने म्हणावं, अहो, ही तर तशीच न्यायची होती, तेव्हा काय करायचं? आनंद करायचा की मागची वर्षं मोजायची? रागवायचं तरी कोणावर, दोघे तर गेले.

आणि वर, पाणी. ते तर माझं होतं. ते मी एकटीने मागितलं होतं. त्यात डोकं तेवढं वर आणि बाकी कोणी नाही, मी सुद्धा नाही... असं होतं ते. आता तिथे दुसरं एक डोकं. पोहण्याच्या तंग कपड्यातल्या माझ्या मांड्या ती बघणार, मी तिच्या बघणार, दोन म्हाताऱ्या समोरासमोर, आणि ऐकू तर तिला येणार नाही. म्हणजे नुसतं बघायचं. हसत राहायचं. किती वेळ हसायचं?

संध्याकाळी, दिवे लावायच्या सुमाराला तलाववाल्याचा फोन आला. वाट मिळाली का, त्याने विचारलं. मिळाली, ती म्हणाली, आणि तो म्हणाला, मी म्हटलं नव्हतं? मग त्याने सांगितलं की कारखान्यात तुमच्या मापाचे दोन टब तयार आहेत, लांबी-रुंदी तीच, रंग तोच, किंमतही तीच. फरक फक्त खोलीचा. एक तुमच्या गळ्यापर्यंत येईल. दुसरा वीतभर उथळ. “एकट्या उतरणार असाल तर खोल घ्या, मावशी, गुडघ्यांना तोच बरा. आणखी कोणी असेल तर मात्र त्यांची उंची बघा. एकदा बसवला की काही करता येत नाही.”

सकाळी सांगते, ती म्हणाली.

फोन ठेवून ती तिथेच, दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. उंची. आज तिने धाकटीला पाहिलं ते आधी बसलेली, मग वाकून खुर्ची पुढे करताना... उंचीकडे लक्षच गेलं नव्हतं. आणि तरीही हात आपणहून वर आला, आडवा, खांद्याच्या जरा वर, आणि तिथेच थांबला. इथे. इथे तिचा भांग यायचा. चाकाला हात पुरत नसे म्हणून धाकटी फ्रेमांचा रिकामा लाकडी खोका उलटा घालून त्यावर उभी राहून घासायची, आणि खोक्यावरून उतरली की हा असा, माझ्या खांद्याच्या जरा वर. गळ्यापर्यंतच्या पाण्यात ती बुडाली असती, सरळ बुडाली असती. वीतभर उथळ असेल तर जेमतेम हनुवटी वर. आणि मी? तिने दुसरा हात छातीशी आडवा धरला. इथवर पाणी. म्हणजे दहावा हिस्सा नाही, पाव. कदाचित पावाहून थोडं जास्तच. दहावा आणि पाव ह्यांच्यामध्ये जे काही उरतं ते सगळं रोज ह्या गुडघ्यांवर येणार, आणि ते काही थोडं नव्हतं, गुडघ्यांना ते आत्ताच कळलं होतं, दोन्ही ठणकायला लागले होते.

ह्या बाईला एवढीशी उंची घेऊन माझ्याच तलावात यायचं होतं! खोका घेऊन ये म्हणावं. पाण्यात ठेव आणि त्यावर उभी राहा... आणि एकदम तिला आपला आवाज ऐकू आला, आजचा नाही, मागच्या खोलीतला, दिव्याखालचा: अगं, सरक जरा, माझ्या उजेडात येऊ नकोस. दिवसातून कितीदा तरी. आणि ती सरकायची, आणि पुन्हा यायची, कारण टेबल लहान होतं आणि दिवा एकच होता, आणि मी पुन्हा चिडायची. असं कोणावर चिडून किती वर्षं झाली होती? लोकांवर रागावले असेन, डॉक्टरवर, बँकेतल्या माणसावर, मुलावरही. पण हे तसं नव्हतं. हे अगदी कोपराजवळचं, उबदार, अर्ध्या मिनिटात विसरायचं...

ती अजून चौकटीशी उभी होती. एक हात गळ्याशी, एक छातीशी. मधलं अंतर बोटांनी मोजावं इतकं, आणि दोन्ही हात हळूहळू भरून येत होते, पण कोणता आधी खाली घ्यावा ते तिला ठरवता येत नव्हतं, आणि ठरवायची घाईही वाटत नव्हती. ती चिडली होती. चांगलीच चिडली होती, आणि ते चिडणं लगेच जाऊ नये म्हणून श्वासही बेताने घेत होती.